पोलादाचं पाणी

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही लहान लहान होत गेलात. आधी मुंगीएवढे, मग धुळीच्या कणाएवढे आणि शेवटी एका अणूएवढे. आता समजा, तुम्ही नुकत्याच भट्टीतून काढलेल्या, केशरी तापलेल्या पोलादाच्या आत उभे आहात. घाबरू नका, कल्पनेत चटका बसत नाही. फक्त आजूबाजूला बघा.

चहूकडे लोखंडाचे अणू आहेत. कवायतीला उभे राहिल्यासारखे रांगेत आहेत, पण उष्णतेमुळे प्रत्येक जण जागच्या जागी थरथरतोय. रांगांमध्ये थोड्या मोकळ्या जागा आहेत, त्यांत कार्बनचे छोटे अणू ऐसपैस बसलेत. आणि हजारात एखादा अणू वेगळाच दिसतोय, लोखंडापेक्षा जरा अंगाने मोठा. तो व्हॅनेडियम. एवढ्या गर्दीत त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

आता पोलाद निवायला लागलं. सातशे अंशांच्या आसपास आलं की जणू शिट्टी होते आणि लोखंडाचे अणू रांगांची ठेवण बदलतात. नव्या ठेवणीत कार्बनला बसायला जागाच उरत नाही. निवणं सावकाश असेल, तर कार्बन शहाण्यासारखा सरकत सरकत बाहेर पडतो आणि लोखंडाशी जोडी जमवून पातळ थर बनवतो, खारी बिस्किटात असतात तसे. पण त्याच वेळी कोणी गार पाणी ओतलं, तर त्याला सरकायला वेळच मिळत नाही. तो जिथल्या तिथे अडकतो आणि त्याच्याभोवतीची सगळी ठेवण ताणली जाते. असं पोलाद फार कठीण होतं, पण काचेसारखं. जोराचा धक्का बसला की तडकतं.

आणि आपला व्हॅनेडियम? त्यालाही वेळ हवा असतो. पोलाद निवत असताना तो कार्बनला आणि नायट्रोजनला आपल्याकडे ओढून घेतो, आणि पोलादाच्या पोटात जागोजाग इवले इवले ठिपके उमटतात. गार होणाऱ्या पाकातून साखरेचे कण बाहेर यावेत, तसे. शास्त्रज्ञ त्यांना अवक्षेप म्हणतात. एका केसाच्या जाडीत असे दहा-पंधरा हजार ठिपके ओळीने मावतील. पण त्यांचं काम मोठं. तुम्ही गोधडी पाहिली आहे ना? आतले कपड्यांचे थर एकमेकांवरून सरकू नयेत म्हणून तिला जवळजवळ टाके घालतात. हे ठिपके म्हणजे पोलादाचे टाके. फार भरभर निववलं तर टाके पडतच नाहीत. फार वेळ तापत ठेवलं तर छोटे ठिपके विरून मोजकेच मोठे उरतात, म्हणजे टाके लांब लांब पडतात आणि गोधडी ढिली होते. बरोब्बर मधली चाल साधली, तर पोलाद कणखरही होतं आणि तडकतही नाही.

उघडा आता डोळे. कस्तुरी साळुंके नावाच्या मुलीला हे सगळं अकराव्या वर्षीच ठाऊक होतं. आणि ते बघायला तिला डोळे मिटावे लागत नसत.

ही अजून वीस-बावीस वर्षांनंतरची गोष्ट. कोकणात एका खाडीच्या काठी पोलाद घडवण्याचा कारखाना उभा राहिला होता. समुद्रावर तरंगणाऱ्या पवनचक्क्या वाहून जाऊ नयेत म्हणून त्यांना साखळदंडांनी तळाशी बांधून ठेवतात. त्या साखळदंडांच्या टोकांना लागणाऱ्या कड्या इथे घडत. एकेक कडी दोन म्हशींच्या वजनाची आणि मोठ्या माणसाच्या मांडीएवढी जाड. आजवर अशा कड्या परदेशातून जहाजाने येत. आता पहिल्यांदाच बारा कड्यांचं काम या कारखान्याला मिळालं होतं. सहा झाल्या होत्या, समुद्रात जाऊन वादळवाऱ्यात टिकल्याही होत्या. खाडीच्या दोन्ही काठांवरची माणसं त्या कड्यांविषयी बोलताना ‘आपली कडी’ असंच म्हणत.

घडवलेली कडी निववायला एक लांब बोगदा होता. बोगद्याच्या भिंतींत वाऱ्याचे पंखे होते आणि पाण्याच्या तोट्याही होत्या, कारण दुसऱ्या काही जातींच्या पोलादाला पाणीच लागतं. बोगद्याच्या मध्यावर एक नवं यंत्र बसवलेलं होतं, कणदर्शक. ते न्यूट्रॉन नावाच्या कणांचा झोत कडीतून आरपार सोडी. वाटेत अवक्षेपांचे ठिपके भेटले की ते कण किंचित वळत. किती वळले यावरून यंत्र आतलं चित्र काढी, आणि ते भल्यामोठ्या पडद्यावर दिसे. जगात लोकांनी हजारो वर्षं पोलाद घडवलं, पण निवताना त्याच्या पोटात काय चाललंय हे आधी कुणी असं पाहिलेलं नव्हतं. मुलांना बघता यावं म्हणून वर काचेचा सज्जा केलेला होता. शाळा सुटली की कस्तुरी तिथे येऊन बसे. वही उघडी असे, डोळे पडद्यावर असत.

खाली पडद्यासमोर तिची आई उभी असे. बिजली साळुंके, कारखान्याची पहिली निववणकार.

हे पद असंच मिळालेलं नव्हतं. बिजली घिसाडी समाजातली. या लोकांचे वाडवडील गाडीवर भाता आणि ऐरण लादून गावोगाव फिरत आणि विळे, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ घडवून देत. पुरुष सांडशीत लाल लोखंड धरी आणि लहान हातोडीने टिचकी मारून दाखवी, इथे हाण. घण मात्र बाई घाली. बिजलीची आई असा घण घालत असे, आणि तान्ही बिजली शेजारी झोळीत झोपलेली असे. पुढे बिजली कारखान्यात सफाईला लागली, तिथून घडाईत गेली. मग एक दिवस प्रयोगशाळेच्या प्रमुख रुखसाना इनामदार मॅडमच्या लक्षात आलं, की ही बाई नुसत्या रंगावरून कडीचं तापमान सांगते आणि दहा अंशांपलीकडे चुकत नाही. मॅडमनी तिला तीन वर्षं स्वतः शिकवलं.

कणदर्शक आल्यावर बोगद्याचे पंखे आणि तोट्या चालवायला एक बोलतं यंत्र आलं, सोबती. त्याला बटणं नव्हती. माणसाने बोलायचं, त्याने ऐकायचं. नव्या माणसाने काही सांगितलं, तर सोबती आधी उलट विचारून खात्री करून घेई. बिजलीला मात्र पहिल्या दर्जाचा अधिकार होता. तिने सांगायचं आणि त्याने करायचं, मध्ये प्रश्न नाही. कारखान्यात हा मान तिघांनाच होता, आणि उरलेले दोघे इंजिनिअर होते.

सातवी कडी बोगद्यात आली तो शुक्रवार होता. सोबतीचा आठवा दिवस, आणि त्याच्या हाती आलेली ही पहिलीच कडी. कस्तुरी सज्जात भूगोलाचा नकाशा रंगवत बसली होती. पडद्यावर साडेसहाशे अंश दिसत होते. ठिपके उमटायला लागले होते, पण विरळ. बिजलीने मान तिरकी करून बघितलं, जशी ती घरी आमटी चाखण्याआधी बघे, आणि शांतपणे म्हणाली, “अजून पाणी चढू दे.”

दुसऱ्याच क्षणी बोगदा पांढऱ्या वाफेने भरून गेला.

दोन्ही भिंतींतल्या सगळ्या तोट्या एकदम सुटल्या होत्या. सज्जाच्या काचा थरथरल्या. कस्तुरीने खाली पाहिलं तेव्हा आई धावत जाऊन पाणी तोडायचा लाल दांडा ओढत होती. नऊ सेकंदांत पाणी बंद झालं. पण पडद्यावर कडीच्या कातडीखाली सुयांसारख्या रेघांचं जाळं पसरलेलं दिसत होतं. कार्बन अडकला होता. नऊ सेकंदांत सातव्या कडीचं अंग काचेसारखं झालं होतं.

पाळीचे प्रमुख खरमाटे तडक खाली आले. माणूस वाईट नव्हता, पण कागदावर काय आहे यापलीकडे जाणं त्यांना रुचत नसे. त्यांनी सोबतीचं ध्वनिमुद्रण लावलं. बिजलीचा आवाज सगळ्यांनी स्पष्ट ऐकला. पाणी चढू दे. बिजली म्हणाली, मी पाणी म्हटलं, पण पाणी नाही म्हटलं. यावर मागे उभे असलेले दोघे-तिघे हसले, आणि मग तिला पुढचं काही नीट सांगता येईना.

सज्जात एकट्या राहिलेल्या पोरीला घ्यायला इनामदार मॅडम वर आल्या. कस्तुरीने त्यांना विचारलं, सोबती बिघडला का? मॅडमना मुलांपासून काही लपवायची सवय नव्हती. त्या तिच्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या की यंत्राने त्याला शिकवलं तसंच केलं. प्रत्येक निववणकाराकडून कारखान्याने शब्दांची एक यादी भरून घेतली होती. कामाच्या बोलण्यात येणारे साठ-सत्तर शब्द होते आणि प्रत्येकापुढे विचारलं होतं, तुमच्याकडे या शब्दाचा काही वेगळा अर्थ आहे का. असेल तर लिहा, नसेल तर ‘नेहमीचाच’ यावर खूण करा.

“तुझ्या आईच्या यादीत ‘पाणी’पुढे ‘नेहमीचाच’ अशी खूण आहे, बाळा,” मॅडम म्हणाल्या. “खाली तिची सही आहे. मलाही नवल वाटलं.”

कस्तुरीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ती यादी तिने भरली होती.

दोन आठवड्यांपूर्वी आईने कागद तिच्यापुढे ठेवून म्हटलं होतं, तुझं अक्षर चांगलं आहे, मी सांगते तू लिही. मग आईला भाकऱ्या थापायच्या होत्या, म्हणून म्हणाली, तुला सगळं माहीतच आहे की, तूच भर. आणि कस्तुरीला खरंच माहीत होतं. घरात पाणी हा शब्द दिवसातून दहा वेळा दोन अर्थांनी येई. विळ्याला पाणी द्यायचं, म्हणजे त्याला कणखर करायचं. पाणी चढलं म्हणजे पोलाद तयार झालं, पाणी उतरलं म्हणजे मऊ पडलं. पाणी म्हणजे पोलादाच्या पोटातली ताकद. हे सगळं ठाऊक असूनही तिने सगळ्याच्या सगळ्या शब्दांपुढे ‘नेहमीचाच’ अशी खूण केली होती आणि आईने न वाचता सही केली होती.

आई बाहेर आली. दोघी खाडीच्या बांधावरून घरी निघाल्या. कस्तुरी वाट बघत होती की आई आता काहीतरी बोलेल. आईने खरमाट्यांच्या टेबलावर तो कागद पाहिला असणार. लेकीचं अक्षर आईला कळत नाही असं कुठे असतं का? पण आई ओहोटी लागलेल्या पाण्याकडे बघत चालत राहिली. बरंच अंतर गेल्यावर म्हणाली, “माझं चुकलं असं सांगून टाकलंय मी. उद्या दहाला बैठक आहे, ती झाली की मिटलं.”

मिटलं म्हणजे काय, हे कस्तुरीने शेजारच्या काकूंकडून ऐकलं. काकूंचे यजमान त्याच कारखान्यात होते. खरमाट्यांनी लिहून दिलं होतं की साळुंकेबाईंना निववणीवरून काढून पुन्हा घडाईत पाठवावं. आणि यापुढे कामगारांच्या बोलीत यंत्राशी कोणीही बोलू नये, ठरवून दिलेले आकडेच सांगावेत. म्हणजे एकट्या आईचं पद नाही, तिच्यामागून शिकायला लागलेल्या सगळ्यांचीच वाट बंद. आणि सातवी कडी भंगारात.

त्या संध्याकाळी आईने रोजच्यासारखी आमटी केली आणि मान तिरकी करून चाखली. कस्तुरीने ताट अर्धंच ठेवलं. आईने कारण विचारलं नाही, याचंच तिला जास्त लागलं.

शनिवारी दहाला बैठक सुरू झाली तेव्हा दारात कस्तुरी उभी होती. अंगावर शाळेचा गणवेश, कारण तिला वाटलं की अशा ठिकाणी गणवेशच बरा. खरमाटे म्हणाले, मुलांनी सज्जात बसायचं. बिजलीने तिला पाहिलं आणि डोळ्यांनी खुणावलं, जा. कस्तुरी गेली नाही.

“यादी आईने भरलेली नाही,” ती म्हणाली. “मी भरलीय. अक्षर माझं आहे.”

खरमाट्यांनी कागद काढून पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. तुला शब्दाचा अर्थ माहीत नव्हता का, त्यांनी विचारलं. हो म्हणाली असती तर तिथेच सुटली असती. लहान मुलगी, चुकून झालं, असं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं असतं. तिला तेही समजत होतं.

“माहीत होता,” कस्तुरी म्हणाली. “मला लाज वाटली.”

कशाची लाज, असं इनामदार मॅडमनी अगदी हळू विचारलं. मग कस्तुरीने सांगितलं. वर्गात कुणाची वही गिचमिड झाली की गुरुजी म्हणत, काय ही घिसाडघाई. त्यांच्या मनात काही नसे, तो शब्द सगळेच वापरतात. पण ते म्हटलं की सगळा वर्ग मागे वळून कस्तुरीकडे बघे. मग तिने ठरवलं होतं की घरातला एकही शब्द बाहेर न्यायचा नाही. यादीतही तिने पुस्तकातलेच अर्थ ठेवले, म्हणजे आईला कोणी हसणार नाही.

एवढं सांगून ती थांबली. तेव्हा बिजली पहिल्यांदा बोलली. “उभी काय राहिलीस? एवढं बोललीस तर पाणी म्हणजे काय तेही सांग. अर्धवट काम आपल्यात चालत नाही.”

आईचा आवाज नेहमीसारखाच करडा होता. पण हनुवटी वर होती. कस्तुरीला धीर आला आणि ती सांगत गेली. पाणी देणं आणि पाण्यात घालणं हे एकच नाही. एखाद्या विळ्याला पाण्यात बुडवून पाणी चढतं, एखाद्याला नुसत्या वाऱ्यावर, एखाद्याला गरम राखेत ठेवून. कशाने चढवायचं ते लोखंडाच्या जातीवर आहे. पण चढतं ते पाणीच. काल आई म्हणाली, अजून पाणी चढू दे, म्हणजे पंखे मंद कर आणि याच तापमानावर थोडा वेळ थांब, अजून टाके पडायचेत.

इनामदार मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्या खरमाट्यांना म्हणाल्या, आपल्या पडद्यावर जे दिसतं, म्हणजे अवक्षेप किती, केवढे, किती जवळजवळ, आणि त्या सगळ्यामुळे पोलाद कितपत कणखर झालं, या सगळ्याला मिळून आपण काय म्हणतो? खरमाट्यांनी विचार केला. त्याला एक शब्द नव्हता, पाच आकड्यांचा एक तक्ता होता. “आणि यांच्याकडे दोन अक्षरांचा शब्द आहे,” मॅडम म्हणाल्या. “आपण सगळेच पाणीदार म्हणतो, पाणी जोखलं म्हणतो. कुठून आलं ते, याचा विचार मात्र केला नाही.”

खरमाट्यांनी स्वतःच्या हाताने आपली शिफारस फाडली नाही, तसं करणारा तो माणूस नव्हे. त्यांनी खाली एक ओळ वाढवली, की यादी भरून घेताना निववणकाराशी बोलायला हवं होतं, ते आपण केलं नाही, आणि खाली सही केली. बैठकीत ती शिफारस मागे पडली, आणि ‘पाणी’चा हा अर्थ सोबतीला तूर्त शिकवून बघायचं ठरलं. कस्तुरीला म्हणाले, “आमचंही चुकलं, हे तुझ्यामुळे लिहावं लागलं बघ.” त्यांच्या परीने ती शाबासकी होती.

उरली सातवी कडी. ती भंगारात जाणार असं सगळ्यांनी धरलं होतं. पण पोलादाचा एक मोठा गुण आहे. ते पुरेसं तापवलं की झालेलं सगळं विसरतं. अडकलेला कार्बन सुटा होतो, ताणलेली ठेवण मोकळी होते, व्हॅनेडियमचे अवक्षेपही विरघळून जातात आणि अणू पुन्हा आपल्या मूळ रांगांत उभे राहतात. अट एकच, तडा गेलेला नसावा. तडा पोलाद विसरत नाही. मॅडमनी ध्वनिलहरींनी कडी टोकापासून टोकापर्यंत तपासली. तडा नव्हता. बिजलीने नऊ सेकंदांत दांडा ओढला होता म्हणून पाणी कातडीपुरतंच लागलं होतं, आणि पोटातली ऊब बाहेर येऊन तिने कातडीचा ताण सैल केला होता. अजून काही सेकंद गेले असते तर गोष्ट वेगळी झाली असती.

पुन्हा तापवण्यात आणखी एक धोका असतो. फार तापलं की पोलादाचे स्फटिकदाणे एकमेकांना गिळून मोठे होतात, आणि मोठ्या दाण्यांचं पोलाद कमकुवत. पण या पोलादात चिमूटभर टायटॅनियमही घातलेलं होतं. त्याचे अवक्षेप एवढ्या उष्णतेतही विरघळत नाहीत. ते दाण्यांच्या सीमांवर पहारेकऱ्यासारखे उभे राहतात आणि सीमा सरकू देत नाहीत. बघा, दोन धातू, दोघांचेही ठिपकेच, पण एक तापताना राखण करतो आणि दुसरा निवताना टाके घालतो.

मंगळवारी दुपारी कडी पुन्हा बोगद्यात आली. सुट्टी नसतानाही सज्जा भरून गेला होता. घडाईतल्या बायका आल्या होत्या, भट्टीवरचे आले होते, खरमाटे हाताची घडी घालून मागे उभे होते. इनामदार मॅडमनी या वेळी कस्तुरीला वर बसवलं नाही. आईजवळ खाली, पिवळ्या रेषेच्या अलीकडे उभं केलं आणि डोक्यावर तिच्या मापाला मोठं होणारं शिरस्त्राण घातलं.

साडेआठशे. आठशे. कडीचा केशरी रंग विटकरीवर आला. सातशेला पडद्यावरच्या रांगा सळसळल्या आणि ठेवण बदलू लागली. साडेसहाशेला पहिले ठिपके उमटले, विरळ, चुकार. सगळ्या बोगद्यात पंख्यांच्या घरघरीशिवाय आवाज नव्हता. खरं तर बिजली एखादा आकडा सांगून मोकळी झाली असती. तिने ते केलं नाही. तिने मान तिरकी केली आणि त्याच सुरात, तेच वाक्य म्हटलं.

“अजून पाणी चढू दे.”

तोट्या कोरड्याच राहिल्या. पंख्यांची घरघर मंदावत मंदावत गेली आणि कडी तिथेच, त्याच उबेत थांबली. मग पडद्यावर ठिपके दाटायला लागले. एकाचे दहा, दहाचे हजार, ओळीमागून ओळ, जवळजवळ, एकसारखे. जणू कोणी जाणती बाई अंगणात बसून भराभर टाके घालत होती. भट्टीवरचा एक म्हातारा मिस्त्री पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, आयुष्यभर हेच करत होतो होय आपण. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते मात्र नेहमीच्याच अर्थाचं.

चौदा मिनिटांनी बिजली म्हणाली, “बास. चढलं.”

मॅडमनी आकडे वाचले. पहिल्या सहा कड्यांपेक्षा ही सातवी सरस होती. खरमाट्यांनी ते आकडे दोनदा तपासले, आणि मग टाळ्या वाजवायला सुरुवात त्यांनीच केली. घडाईतल्या बायकांनी बिजलीला घेरलं. एकजण म्हणाली, आता आम्हाला कधी शिकवतेस. बिजली म्हणाली, सोमवारी या, पण गप्पा मारायच्या असतील तर येऊ नका. ती हसत होती, आणि तिला एवढी हसताना कस्तुरीने फार कमी वेळा पाहिलं होतं.

एवढ्यात सोबतीचा आवाज आला. काम संपल्याशिवाय तो मधे बोलत नसे.

“‘पाणी’ या शब्दाचा नवा अर्थ कायमचा नोंदवायचा आहे,” तो म्हणाला. “यापुढे इथल्या पडद्यावर ही अवस्था याच नावाने दिसेल. शब्द कुणाचा म्हणून नोंदवू?”

सगळे बिजलीकडे बघू लागले. तिचंच नाव लागायला हवं होतं, आणि मॅडम तसं सांगणारही होत्या. पण बिजली लेकीकडे बघत होती. घाई नव्हती त्या बघण्यात. जणू पडद्यासमोर उभी राहून अजून किती थांबायचं याचा अंदाज घेत होती.

कस्तुरीने डोक्यावरचं शिरस्त्राण मागे सरकवलं. ती दोन पावलं पुढे गेली आणि सोबतीच्या जाळीसमोर उभी राहिली.

“घिसाडी लोकांचा,” ती म्हणाली.

“हा शब्द माझ्या यादीत नाही,” सोबती म्हणाला. “कसा लिहायचा ते सांगाल?”

आणि मग सगळ्या कारखान्यादेखत, एकेक अक्षर सुटं करत, फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या बाईंसारख्या सावकाश आणि खणखणीत आवाजात कस्तुरी त्याला शिकवू लागली, “लिही. घ ला पहिली वेलांटी. स ला काना. ड ला दुसरी वेलांटी. आता वाचून दाखव.”